ऑडिटपुरतं एक मूल

आमचे चिरंजीव सीनियर केजीत आहेत आणि जगातल्या सगळ्या वस्तूंची ते दोनच गटांत विभागणी करतात. ओके आणि एनजी. सणसवाडीच्या ज्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलाशी उभी असते, तिथं गाड्यांचे सुटे भाग बनतात. हातात आलेला भाग चांगला असला तर ओके, बाद असला तर एनजी, आणि एनजीला लाल टॅग, एवढंच माझं काम. आता दिवसभराची गाऱ्हाणी रात्री कुणाला तरी सांगावीच लागतात. घरात दुसरं मोठं माणूस नसल्यामुळे ती मी चिरंजिवांना सांगत आले. त्यामुळे ज्या वयात पोरं बडबडगीतं म्हणतात त्या वयात हा "लाईन थांबली", "लॉट अडकला", "साहेब तापले" असं बोलायला लागला. मध्यंतरी मी दोडक्याची भाजी वाढली. त्यानं ताट डोळ्यांजवळ नेलं, चमच्यानं एक फोड उलटी करून पाहिली, माझ्या पर्समधून लाल टॅग काढला आणि ताटाच्या काठाला लावला.

"हे काय?"

"एनजी."

"कारण?"

"कारण मला लिहिता येत नाही अजून. तू लिही."

भाजीचा रिवर्क केला, म्हणजे वरून शेंगदाण्याचा कूट घातला, तेव्हा कुठं माल पास झाला.

घरात आम्ही दोघंच. चिरंजिवांचे वडील कुठं असतात, का नसतात, परत येणार की नाही, याचा तपास मी फारसा केला नाही. गरजच पडली नाही, तो आमच्या गल्लीनं केला. आमच्या गल्लीत परभणी, लातूर, बुलढाणा, बिहार, ओडिशा अशी सगळीकडची माणसं भाड्यानं राहतात. टँकरचं पाणी कुणी आधी भरायचं यावर त्यांचं कधी एकमत झालेलं नाही, पण माझ्या संसारात नेमकं कुठं चुकलं यावर पूर्ण एकमत आहे.

आमचं कोरेगाव भीमा कागदावर शिरूर तालुक्यात असलं तरी राहतं ते नगर रस्त्यावर. एका अंगाला भीमा नदी, दुसऱ्या अंगाला सणसवाडी, पुढं शिक्रापूर, त्याच्याही पुढं रांजणगावची एमआयडीसी. पूर्वी इथल्या रानात ज्वारी यायची, आता खोल्या येतात. ओळीनं दहा खोल्या, दहा दारं, दहा मीटर आणि सगळ्यांत मिळून एक मालकीण. आमच्या मालकीणआजी सत्तरीच्या आहेत. माझा सगळा संसार त्यांच्या अंथरुणाच्या मोकळ्या राहिलेल्या अर्ध्या भागावर उभा आहे.

म्हणजे असं, की पहिली शिफ्ट सातची. कंपनीची बस वढू चौकात सहा वीसला. त्या वेळी चिरंजीव गाढ झोपेत. तर झोपलेलं पोर पांघरुणासकट उचलायचं, आजींच्या अंथरुणात नेऊन ठेवायचं, उशाशी गणवेश, डबा, बाटली, दप्तर मांडायचं आणि पळायचं. सगळं व्यवस्थित मांडून झालं की लक्षात येतं, बूट एकच आहे. दुसरा बूट घरात कुठंही असू शकतो. एकदा तो पिठाच्या डब्यामागं सापडला, आणि तिथं तो कसा गेला हे विचारल्यावर चिरंजीव म्हणाले, "तो एनजी होता, बाजूला ठेवला."

आजी या कामाचे पैसे घेत नाहीत. मी देऊन पाहिले, त्यांनी हात झटकला. पण रोज सकाळी एक प्रश्न विचारायचा हक्क त्यांनी स्वतःकडं राखून ठेवला आहे, आणि प्रश्न रोज एकच असतो.

"मग? दुसरं काय ठरिवलंस का न्हाई?"

"आजी, बस जाईल माझी."

"एक गेली तर दुसरी येतीच की. म्या तेच म्हणती."

साडेबाराला शाळेची व्हॅन त्याला गल्लीच्या तोंडाशी सोडते. तेव्हा आजींची वामकुक्षीची वेळ असते, म्हणून शेजारच्या खोलीतल्या बिहारच्या भाभी त्याला घेतात. चार वाजता भाभी नळाच्या रांगेत गेल्या की तो पुन्हा आजींकडे. या फिरत्या कारभारामुळे त्याची भाषा अशी झाली आहे, की आजींशी बोलताना "कुटं", "हिकडं", भाभींशी "का बनल बा?", शाळेत "मे आय गो टू टॉयलेट" आणि परभणीहून माझ्या आईचा फोन आला, की तिच्याशी या सगळ्याची मिसळ. आई मला विचारते, "हे लेकरू बोलायलंय का भांडायलंय?"

आता सणसवाडी ते कोरेगाव अंतर चार-पाच किलोमीटर. कुणी म्हणेल, मग काय अवघड आहे? त्यानं एकदा संध्याकाळी नगर रस्त्यावर यावं. इथं अंतर विचारलं तर माणूस वेळ सांगतो आणि वेळ विचारली तर नुसता हात जोडतो. मी घरी किती वाजता पोचणार हे माझ्या, ड्रायव्हरच्या किंवा कंपनीच्या हातात नाही. ते लोणीकंदपासून शिक्रापूरच्या चाकण चौकापर्यंत उभ्या राहिलेल्या कंटेनरांच्या हातात आहे. बसमध्ये आम्ही सगळ्या आया खिडकीतून त्या कंटेनरांचे नंबर पाठ करत बसतो. कुणाचं दूध गॅसवर, कुणाचं पोर दारात, आणि समोर हरयाणाची एक ट्रॉली, जिला कसलीही घाई नाही.

शाळेबद्दल माझी तक्रार नाही. शाळेचीच माझ्याबद्दल आहे. डायरीच्या प्रत्येक पानावर वडिलांच्या सहीची जागा आहे. मी तिथं सही करते, तर मॅडम विचारतात, "ही वडिलांची सही आहे?" मी म्हणते, "वडिलांच्या जागी आहे." १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदोपत्री आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा निर्णय राज्य सरकारनं केला आहे. आमचे चिरंजीव जन्माला यायची घाई करून बसले. पालकसभा कायम कामाच्या दिवशी अकरा वाजता, आणि सूचनेखाली "आई-वडील दोघांनी यावे" अशी नम्र विनंती. एकदा मी अर्धा दिवस कापून गेले, तर मॅडमनी मला बाजूला घेतलं.

"तुमचा मुलगा बाकीच्या मुलांच्या चित्रांना नावं ठेवतो."

"काय म्हणतो?"

"एनजी म्हणतो. परवा मी फळ्यावर सूर्य काढला, त्यालाही एनजी म्हणाला. कारण विचारलं तर म्हणतो, बर आलाय."

कापलेल्या धातूच्या कडेला जो खरखरीत काटा राहतो त्याला आमच्याकडं बर म्हणतात. मॅडमनी काढलेली सूर्याची किरणं त्याला त्यातली वाटली. तपासनीस म्हणून मला त्याचं म्हणणं पटलं, पण पालक म्हणून मी गंभीर चेहरा केला.

आजी-आजोबा दिनाला मात्र आम्ही बाजी मारली. माझी आई परभणीत, त्यामुळे मी मालकीणआजींना नऊवारी नेसवून पाठवलं. बाकीच्या आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या, नातवंडांबरोबर फोटो काढले. आमच्या आजी थेट मुख्याध्यापिकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फी लई जास्त हाय तुमची, आन् पोराला अजून पाढं येत न्हाईत." सगळ्या पालकांच्या मनातलं वाक्य होतं ते. दुसऱ्या दिवसापासून व्हॅनमधल्या पोरांच्या आया मला मान द्यायला लागल्या.

खरा पेच साप्ताहिक सुट्टीचा. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, आमचीही तशीच. शाळेची रविवारी. आणि कारखाने बंद म्हणून महावितरणही दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतं. म्हणजे मी घरी असते त्या दिवशी पोरगं शाळेत, वीज गेलेली, मोटर बंद आणि टाकी रिकामी. पोरगं घरी असतं त्या रविवारी वीज आहे, पाणी आहे, टीव्हीवर कार्टून आहे, आई तेवढी नाही. बरं, रविवारी भाभींचा नवरा घरी असतो म्हणून ते सगळे वाघोलीच्या बाजारात जातात आणि आजी लेकीकडं जातात. वाघोलीत पाळणाघरं आहेत. नावं इंग्रजी, भिंतीवर मिकी माऊस आणि फी अशी, की ती भरायला आणखी एक नोकरी धरावी, आणि त्या नोकरीच्या वेळात पोराला ठेवायला आणखी एक पाळणाघर बघावं.

रविवारी सुट्टी मागायला गेले की साहेबांशी होणारं बोलणं आता आम्हा दोघांनाही पाठ झालं आहे.

"घरी कुणी नाही का त्याला बघायला?"

"आहे ना साहेब."

"मग त्यांना बघू द्या."

"तेच म्हणते. मी बघते, तुम्ही सुट्टी द्या."

सुट्टी मिळत नाही, सल्ला मिळतो. सल्ल्याच्या बाबतीत आमचा पट्टा स्वयंपूर्ण आहे. पोराला गावी आईकडं ठेव. पोराला होस्टेलला टाक. नोकरी सोड आणि घरी पापड कर. नोकरी सोडू नको, पोराला कराटेला घाल. लाईनवरच्या एका ताईंनी तर सांगितलं, "मन घट्ट कर, एकटी असलीस तरी तू दोघांचं काम करतेस." मी म्हटलं, "ताई, मग पगार दोघांचा मिळेल का ते तेवढं विचारा." त्या दिवसापासून त्यांनी मन घट्ट करायचं माझ्यावर सोडलं.

सल्ल्यांच्या या गर्दीत ताराबाई मोडकांचं नाव मी अंगणवाडीच्या बाईंकडून ऐकलं. ताराबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, लहान लेकीला घेऊन राजकोटला नोकरीवर गेल्या, पुढं भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. १९४५ साली बोर्डीत त्यांनी जे काम मांडलं त्यातून अंगणवाडी आली. पोर शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. पुढं २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगावी गेली. बाई हे सगळं मला उभ्याउभ्या सांगत होत्या, कारण त्यांना कुलूप लावायचं होतं. दुपार झाली होती. एरवी या वेळेला माझी शिफ्ट सुटायला अजून दोन तास असतात. ताराबाईंना माझा प्रश्न नक्की कळला असता असं मला वाटलं, पण त्यांना कुणी पहिल्या शिफ्टला लावलं नव्हतं.

सरकारची मदत नाही असं मात्र म्हणू नये. सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची बालसंगोपन योजना आहे, तीत एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात. मी कागद गोळा करायला लागले. रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक, सगळं जमलं. शेवटी एक फोटो राहिला. घरासमोर उभं राहून मुलासोबत काढलेला. आता फोटोत मी हवी, मुलगा हवा, मागं घर हवं. मग फोटो काढणार कोण? सेल्फी घेतली तर घर येईना, घर आलं तर चिरंजिवांचं नुसतं कपाळ. अर्जात सगळीकडं "घरात दुसरं कुणी नाही" असं लिहून झालं आणि फोटोच्या रकान्यापाशी दुसऱ्या माणसावाचून अडलं. शेवटी भाभींच्या नवऱ्याला हाक मारली. त्यानं बिचाऱ्यानं एक गुडघा टेकून छान फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पहाटे पोर आजींच्या अंथरुणात ठेवत होते, तर प्रश्न बदललेला.

"काल फोटू काढणारा कोन व्हता?"

वर्षातून एकच दिवस असा येतो, की पोर सांभाळायला माणसं कमी पडत नाहीत. तो म्हणजे १ जानेवारी. १८१८ साली याच तारखेला इथं लढाई झाली. तिचा जयस्तंभ नदीपलीकडे पेरणे गावच्या हद्दीत, म्हणजे हवेली तालुक्यात आहे, नाव मात्र आमच्या गावाचं. १९२७ साली १ जानेवारीला बाबासाहेब इथं आले होते. आता लाखो माणसं येतात. वाहनं दोन्हीकडं लांब अडवतात, आणि वर्षभर कंटेनरांनी भरलेला नगर रस्ता त्या दिवशी पायी चालणाऱ्यांचा होतो. माझी खोली पुलाच्या अलीकडं असल्यामुळे परभणी-हिंगोलीकडच्या सगळ्या नातेवाइकांना मी वर्षातून एकदा फार जवळची वाटते. ३१ तारखेच्या रात्री एका खोलीत मावशी, आत्या, चुलत्या, त्यांच्या सुना, त्यांची पोरं आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. मी मनातल्या मनात सुखावते. एवढ्या बायका! उद्या कुणीही सांभाळील.

तिथंच घोटाळा झाला. मावशीला वाटलं आत्यापाशी आहे, आत्याला वाटलं सुनेपाशी, सुनेला वाटलं आईपाशी, आणि आईला, म्हणजे मला, वर्षातून एकदा वाटलं की आपण जरा मोकळं चालावं. स्तंभापाशी मानवंदना झाली, डोळे पुसून झाले, पुस्तकांच्या स्टॉलवर आले आणि बघते तर पोरगं कुणापाशीच नाही. आम्ही सगळ्याजणी चार दिशांना धावलो, त्यामुळे पोर एक हरवलेलं असताना बायका सहा हरवल्या. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर एका कार्यकर्त्या दादांचा आवाज आला. मागं कुणीतरी त्यांना सांगत होतं आणि ते तसंच्या तसं माईकमध्ये बोलत होते.

"एक मुलगा मदत केंद्रात आहे. निळा शर्ट. आईचं नाव, मम्मी. पूर्ण नाव सांग बाळा... मम्मी, क्वालिटी, लाईन नंबर दोन. लाईन नंबर दोनच्या क्वालिटीच्या मम्मी जिथं कुठं असतील त्यांनी ताबडतोब मदत केंद्रात यावं. जय भीम."

मी पोचले तेव्हा तो बिस्किटं खात होता. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि दादांना म्हणाला, "ओके."

ही गोष्ट कारखान्यात पसरली आणि त्यातूनच बहुधा आमच्या एचआरच्या साहेबांना कळलं, की लाईन दोनच्या क्वालिटीला एक मूल आहे.

आमच्या कारखान्यात पाळणाघर आहे. निदान पाटी आहे. १९४८ चा कारखाना कायदा २०२५ पर्यंत सांगत होता, की तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडं जाऊ द्यायला हवं. हे सगळं मला पाठ आहे, कारण ते फ्रेम करून पाळणाघराच्या दारावरच लावलेलं आहे. दार उघडलं की पुठ्ठ्याची खोकी. खोक्यांमागं मोडक्या खुर्च्या, खुर्च्यांमागं गणपतीचं मखर, आणि भिंतीवर रंगवलेला एक ससा, ज्याचे कान तेवढे खोक्यांच्या वर दिसतात. "मुलं येत नाहीत म्हणून सामान ठेवलंय," असं ऑफिस सांगतं. सामान ठेवलंय म्हणून मुलं येत नाहीत, असं आम्ही म्हणतो. या वादात ससा दबला आहे.

तर एका शनिवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहासुद्धा मागवला. मला वाटलं, आता कामावरून काढतात.

"ताई, सोमवारी कस्टमरचं ऑडिट आहे. तुमचा मुलगा लहान आहे ना?"

"पाच वर्षांचा."

"म्हणजे सहाच्या आत. बसतो. सोमवारी घेऊन या त्याला."

"सर, मी कधीपासून तेच विचारतेय, की आणू का."

"रोज नको हो. सोमवारी."

सवयीनं मी विचारून गेले, "सँपल साइज किती?"

"तीन-चार असले तर बरं दिसेल," साहेब म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

मुलं मिळवणं सोपं नव्हतं. बहुतेक बायकांची पोरं गावी, आजी-आजोबांकडं. एकीला आठवा महिना होता, तिचं नाव साहेबांनी यादीत "अपेक्षित" म्हणून लिहिलं. कँटीनवाल्यांनी पुतण्या देऊ केला, तो चांगला आठ वर्षांचा. त्याला सांगून ठेवलं, विचारलं तर साडेपाच सांग आणि उभा राहू नको. हाऊसकीपिंगच्या एका मावशींना नवी साडी देऊन आया केलं. रविवारी दिवसभर खोकी हलवली. कुठं हलवली ते कुणाला कळलं नाही. एक पाळणा आणला, एक प्लास्टिकची घसरगुंडी आणली, भिंतभर फुलाफुलांचा पडदा लावला आणि सशाला नवा रंग दिला. टेबलावर मुलांच्या हजेरीचं रजिस्टर. मी ते चाळलं. त्यात माझा मुलगा गेले कित्येक महिने रोज हजर होता. गुरुवारीसुद्धा, ज्या दिवशी कारखाना बंद असतो.

सोमवारी चिरंजीव आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबरोबर कंपनीच्या बसमध्ये बसले. इतके खूश, की दोन्ही बूट त्यांनी स्वतः शोधले. गेटवर त्यांनाही व्हिजिटरचा बिल्ला मिळाला. मला लाईनवर सोडून ते पाळणाघरात रुजू झाले. मी टेबलाशी उभी होते, पण लक्ष सगळं तिकडं. पुढचं मला नव्या साडीतल्या मावशींनी सांगितलं आणि नंतर सगळ्या कारखान्यानं.

कस्टमरकडून आलेल्या बाई इंग्रजी बोलत होत्या, सोबत एक पुण्याची मुलगी मराठीत सांगायला. आमचे साहेब, प्लँटचे साहेब, सुरक्षा अधिकारी असा सगळा ताफा पाळणाघराच्या दारात. कँटीनवाल्यांचा पुतण्या पाळण्यात गुडघे पोटाशी घेऊन निजलेला. चिरंजीव घसरगुंडीसमोर दोन्ही हात मागं बांधून उभे, साहेब उभे राहतात तसे.

"तू रोज येतोस का इथं?" पुण्याच्या मुलीनं विचारलं.

"नाही. आज पहिला लॉट आहे."

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत, त्यांनी लिहून घेतलं.

"मम्मी दिवसातून तुला भेटायला येते का? चार वेळा?"

"मम्मी कशी येणार? लाईन थांबते."

"खेळायला आवडलं का?"

मग त्यानं खिशातून टॅग काढला. तो त्यानं माझ्या पर्समधून कधी घेतला होता, देव जाणे. घसरगुंडीला लावला.

"एनजी. वरचं प्लास्टिक काढलं नाही, पाय चिकटतो." आणि दोन पावलं मागं जाऊन सगळ्या खोलीकडं बघत, "फाइव्ह एस पण झालं नाही," म्हणजे आवराआवर झाली नाही, असं म्हणून त्यानं पडद्याचं टोक धरलं. मी त्याला घरी शिकवलंय, की पडदा आला की आधी मागं बघायचं. लोक पसारा तिथंच सारतात. पडदा बाजूला झाला आणि मागून छतापर्यंत रचलेली खोकी, मोडक्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर कस्टमरला सामोरं आलं.

ऑडिटच्या अहवालात आमच्या कारखान्याचे भाग उत्तम ठरले. पाळणाघरावर मोठा दोष निघाला. संध्याकाळी पुन्हा केबिन. या वेळी खुर्ची नव्हती.

"ताई, मुलाला जरा शिकवून आणायला हवं होतं."

"सर, शिकवलंय तेच केलं त्यानं."

साहेबांनी बराच वेळ डोकं धरलं, आणि मग ते जे बोलले त्यानं माझीच लाईन थांबली. कस्टमरला आता दर आठवड्याला तारखेसकट फोटो पाठवायचे होते. मुलं खेळताना, मुलं जेवताना, आई भेटायला आल्यावर. फोटो खोटे काढायला दर आठवड्याला तीच खोकी हलवायची, त्यापेक्षा पाळणाघर खरंच चालवणं स्वस्त पडेल, असा हिशोब अकाउंटच्या साहेबांनी मांडला होता. कायद्याला जे जमलं नाही ते वाहतुकीच्या मजुरीनं केलं.

आता शाळेची व्हॅन त्याला कारखान्याच्या गेटवर सोडते. मावशी कायमच्या आया झाल्या आहेत आणि साडी जुनी झाली आहे. अपेक्षित म्हणून धरलेली मुलगी जन्माला आली, तिचाही नंबर लागला आहे. चिरंजीव पाळणाघरात रोज दुपारचा राऊंड घेतात. जूनमध्ये त्यांना सहा पूर्ण होतील, मग ते नियमाबाहेर जातील, पण जून अजून लांब आहे आणि आमच्याकडं एवढ्या लांबचं नियोजन प्लँटचे साहेबसुद्धा करत नाहीत.

रविवार मात्र जिथल्या तिथं आहे. रविवारी कारखाना चालू, पाळणाघर बंद. मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, आयाबाई रविवारी येत नाहीत. मी मावशींना विचारलं.

"मावशी, रविवारी का येत नाही?"

"माझ्या दोन नाती हायत घरी. लेक कामाला जाती. रविवारी शाळंला सुट्टी, पोरींना सांभाळायचं कुनी?"

तेव्हा कोरेगाव भीमा, डिंग्रजवाडी, सणसवाडी या बाजूला ज्यांची सुट्टी रविवारी असते अशा वाचकांना एक विनंती आहे. गुरुवारी मी दिवसभर घरी असते. तुमची पोरं खुशाल आणून सोडा, पंखा चालणार नाही आणि पाणी तेवढं घरून द्या. त्या बदल्यात रविवारी पहाटेपासून दुपारी साडेचारपर्यंत माझा एक मुलगा आणि मावशींच्या दोन नाती तुमच्याकडं राहतील. तिघंही जेवून येतील.